खुला कोड, राखीव जागा : स्मार्टफोन आणि तिऱ्हाईत सेवांचा प्रश्न

मराठीतील ‘तिऱ्हाईत’ हा शब्द मोठा बोलका आहे. दोघांच्या व्यवहाराशी ज्याचा थेट संबंध नाही असा तिसरा, हा त्याचा अर्थ. त्यात परकेपणाची छटा आहे आणि तटस्थपणाचीही आहे. उर्दूतील ‘सालिस’ या शब्दाचे असेच आहे. तिसरा तो सालिस, आणि भांडणात निवाडा करणारा पंच तोही सालिसच. स्मार्टफोनच्या संदर्भात इंग्रजीतून आलेला ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आज सर्रास कानावर येतो. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कार्यप्रणाली तयार करणारी कंपनी हा पहिला पक्ष, फोन वापरणारा हा दुसरा पक्ष, आणि या दोघांखेरीज जो कोणी कीबोर्ड, नकाशा, ई-मेल, पैसे देण्याघेण्याची सोय किंवा ॲपचे दुकान पुरवतो तो तिसरा. या तिऱ्हाइताला फोनमध्ये कोठवर आणि कोणत्या अटींवर येता येते, यावरून खरे तर त्या फोनचा खुलेपणा ठरावयास हवा.

प्रत्यक्षात तो वेगळ्याच मापाने मोजला जातो. ‘अँड्रॉइड खुली, आयफोन बंद’ असे एक ठरीव वाक्य आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. अँड्रॉइडचा सोर्स कोड, म्हणजे ज्या मूळ मजकुरातून ती प्रणाली तयार होते तो मजकूर, जगासमोर ठेवलेला आहे. आयफोनच्या प्रणालीचा बहुतांश कोड कंपनीच्या कुलपात आहे. परंतु घराचा नकाशा सर्वांना पाहावयास देणे आणि घरातील खोली भाड्याने देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरल्याने या विषयात पुष्कळ गोंधळ झालेला आढळतो.

थोडी पूर्वपीठिका

ॲपल कंपनीने आयफोन जानेवारी २००७ मध्ये जाहीर केला व त्याच वर्षी जूनमध्ये तो विक्रीस आला. त्या वेळी बाहेरच्या कोणालाही त्यासाठी ॲप तयार करण्याची परवानगी नव्हती. वेबपृष्ठे करा आणि ती ब्राउझरमध्ये उघडा, एवढीच मुभा होती. ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले. दरम्यान ५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलच्या पुढाकाराने ३४ कंपन्यांची ‘ओपन हँडसेट अलायन्स’ ही संघटना जाहीर झाली व अँड्रॉइड प्रणालीची घोषणा करण्यात आली. तिचा बराचसा कोड अपाची परवान्याखाली देण्यात आला. हा परवाना उदार आहे : कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, केलेले बदल परत देण्याचेही बंधन नाही.

कोड खुला केला की प्रणाली तगतेच असे मात्र नाही. नोकियाच्या फोनवरील सिंबियन प्रणालीचा कोड फेब्रुवारी २०१० मध्ये खुला करण्यात आला, आणि अवघ्या वर्षभरात, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाने विंडोज फोनचा मार्ग धरल्याचे जाहीर केले.

एक जागा जी खुली राहिली

कार्यप्रणालीत काही कामे अशी असतात की ती कोणी करावयाची हे पक्के केलेले नसते. प्रणाली फक्त जागा ठेवते आणि त्या जागेवर बसणाऱ्याने काय द्यावे व काय घ्यावे याचे नियम ठरवून देते. पूर्वी उर्दू वृत्तपत्राच्या कचेरीत कातिबाची एक बैठक असे. लिहिणारा आज हा, उद्या तो. मजकूर ठरलेल्या मापाच्या कागदावर, छापखान्याला चालेल अशा शाईत उतरला म्हणजे झाले. कीबोर्ड ही अँड्रॉइडमधील अशीच बैठक होय.

एप्रिल २००९ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या १.५ या आवृत्तीपासून बाहेरच्या कोणालाही कीबोर्ड तयार करता येऊ लागला. कोणत्याही ॲपमध्ये लिहिण्याच्या चौकटीवर बोट ठेवले की ते ॲप स्वतः कीबोर्ड दाखवीत नाही. ते प्रणालीकडे मागणी करते. प्रणाली वापरणाऱ्याने निवडलेल्या कीबोर्डाला पुढे करते, आणि त्या कीबोर्डावर उमटलेले अक्षर ॲपला पोचते. ते अक्षर कोणाच्या कीबोर्डावरून आले याच्याशी ॲपला कर्तव्य नसते.

तांत्रिक वाटणाऱ्या या सोयीचा आपल्याकडील भाषांना झालेला लाभ फारसा कोणी नोंदवलेला नाही. अँड्रॉइडची स्वतःची आज्ञा व सूचनांची भाषा म्हणून मराठी आली ती ५.० या आवृत्तीत, म्हणजे २०१४ साली. परंतु मराठीत लिहू इच्छिणाऱ्यांना तोवर थांबून राहावे लागले नाही. बैठक मोकळी होती म्हणून लहानमोठ्या कंपन्यांनी आणि हौशी मंडळींनी देवनागरी कीबोर्ड केले. केरळातील ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवी गटाने अँड्रॉइडच्याच खुल्या कोडमधील कीबोर्ड घेऊन त्यावर ‘इंडिक कीबोर्ड’ उभा केला. त्यात मलयाळमसोबत मराठी, कन्नड, उर्दू यांसह वीसहून अधिक भाषा आहेत. येथे दोन्ही प्रकारचे खुलेपण एकत्र आले. कोड खुला होता म्हणून कीबोर्ड करता आला, आणि जागा खुली होती म्हणून तो वापरता आला. बेळगावच्या एखाद्या विद्यार्थ्याला घरी उर्दू, वर्गात मराठी आणि कचेरीत कन्नड लिहावे लागते. तीन लिप्या एका फोनवर त्याला मिळतात त्या या जागेमुळे. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कीबोर्डावर ‘ळ’ हुडकत बसावा लागतो आणि ‘ऱ्या’तला र तर सापडतच नाही, ही तक्रार करणाऱ्याला दुसरा कीबोर्ड बसवण्याचा उपाय होता. ॲपलने ही जागा बाहेरच्यांना दिली ती पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये.

आणि एक जागा जी नव्हतीच

लिहिलेले अक्षर फोनमध्ये साठते ते युनिकोडच्या क्रमांकाच्या रूपात. पडद्यावर त्याची आकृती काढण्याचे काम फाँटचे. हिंदीतील ल आणि मराठीतील ल यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच आहे. वळण मात्र वेगळे आहे. श या अक्षराचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात ल आणि श यांची मराठी वळणे प्रमाण म्हणून दिलेली आहेत. तरीही बहुतेक फोनवर मराठी मजकूर दिसतो तो हिंदी वळणात. उर्दूची व्यथा याहून मोठी. उर्दू वाचकाची नजर नस्तालिकवर घडलेली असते : उजवीकडून डावीकडे उतरत येणारी, एकमेकांत गुंतलेली अक्षरे. फोनवर मात्र अनेक वर्षे उर्दू दिसत होती ती अरबीच्या नस्ख वळणात, आणि अनेक अँड्रॉइड फोनवर आजही तशीच दिसते. मजकूर शुद्ध असतो, वाचता येतो, पण आपला वाटत नाही. संकेतस्थळांच्या सुरुवातीच्या काळात उर्दू वृत्तपत्रे आपली पाने सरळ चित्रे म्हणून टाकीत, त्यामागे हेही एक कारण होते.

कीबोर्डाचा प्रश्न बाहेरच्यांनी सोडवला, मग फाँटचा का नाही? कारण येथे बैठकच नाही. एखाद्या ॲपला आपल्यापुरता स्वतःचा फाँट सोबत आणता येतो; परंतु संदेश, सूचना, संपर्कयादी अशा सगळ्या ठिकाणी लागू होणारा प्रणालीचा फाँट बदलण्याची सर्वसाधारण सोय मूळ अँड्रॉइडमध्ये वापरणाऱ्याला दिलेली नाही. काही कंपन्यांनी आपापल्या फोनमध्ये ती दिली, तीही आपापल्या अटींवर. वास्तविक गूगलचाच नोतो मालिकेतील नस्तालिक उर्दू फाँट २०१४ पासून खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. फाँट होता, तो फुकट होता, वापरणारे कोट्यवधी होते. बसवावयाला जागा नव्हती. आयफोनवर उर्दूला नस्तालिक मिळाले ते २०१७ साली, आवृत्ती ११ मध्ये, कंपनीने स्वतः मनावर घेतले तेव्हा. ॲपलने २०१९ मध्ये फाँट बाहेरून आणू दिले, पण ते ॲपमध्ये निवडून वापरण्यासाठी. प्रणालीचा फाँट तसाच राहिला.

स्कायहुकचे प्रकरण

जागा असते, तिच्यावर बसण्यास लायक तिऱ्हाईत असतो, आणि तरीही त्याला उठवले जाते. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बोस्टन येथील स्कायहुक वायरलेस ही कंपनी.

फोन कोठे आहे हे उपग्रहांवरून कळते, पण इमारतीच्या आत ते संकेत क्षीण होतात. स्कायहुकने वेगळी युक्ती काढली. गावोगाव गाड्या फिरवून कोणत्या रस्त्यावर कोणते वाय-फाय राउटर आहेत याची तिने नोंदवही तयार केली. फोनला आसपास जे राउटर जाणवतील ते या नोंदवहीशी ताडून पाहिले की ठिकाण काही सेकंदांत कळते. २००८ पासून सुमारे दोन वर्षे आयफोनवरही हीच सेवा होती. २०१० मध्ये ॲपलने स्वतःची नोंदवही वापरावयास घेतली.

एप्रिल २०१० मध्ये मोटोरोलाने आपल्या अँड्रॉइड फोनवर गूगलच्या स्थान-सेवेऐवजी स्कायहुकची सेवा बसवण्याचे ठरवले. कोड खुला असल्याने यात काही अडचण येऊ नये अशी कोणाचीही समजूत व्हावी. परंतु गूगलने मोटोरोलाला कळवले की असा फोन ‘सुसंगत’ धरता येणार नाही. सुसंगत नाही म्हणजे त्यावर गूगलचे ॲप-दुकान नाही, आणि ॲप-दुकान नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. मोटोरोलाने स्कायहुकला सोडले. सप्टेंबर २०१० मध्ये स्कायहुकने गूगलविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्यात कंपनीची अंतर्गत पत्रे बाहेर आली. आपण सुसंगततेचा दंडुका म्हणून वापर करतो हे उत्पादकांना स्पष्ट दिसते आहे, अशा आशयाचे वाक्य गूगलच्याच एका कर्मचाऱ्याने त्यात लिहिलेले होते. कराराच्या मुद्द्यावरील दावा स्कायहुक हरली. पेटंटविषयक दावा मात्र २०१५ मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यात तिला ९ कोटी डॉलर मिळाले. तोवर बाजार हातचा गेलेला होता.

एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या सेवेसाठी एवढा आग्रह का? कारण नोंदवही एकदा करून भागत नाही. राउटर बदलतात, घरे बदलतात. ज्याची सेवा फोनमध्ये असते त्याला लाखो फोनांकडून रोज ताज्या नोंदी मिळत राहतात. ज्याला जागेवरून उठवले त्याची नोंदवही शिळी होत जाते.

कोडमधून सेवेकडे

पुढे या वादाची गरजच उरली नाही. २०१२ मध्ये गूगलने ‘प्ले सर्व्हिसेस’ नावाचा एक घटक आणला. हा अँड्रॉइडच्या खुल्या कोडचा भाग नाही. तो गूगलचा खासगी घटक आहे आणि गूगलशी करार केलेल्या फोनवरच येतो. ॲपला नकाशा दाखवावयाचा आहे, ठिकाण विचारावयाचे आहे, फोन झोपलेला असताना सूचना पाठवावयाची आहे, अशी कामे हळूहळू या घटकाकडे वळली. स्थान-सेवेचा नवा, अधिक सोयीचा मार्ग २०१३ मध्ये येथेच देण्यात आला. ॲप लिहिणारा साहजिकच सोपा मार्ग धरतो. मूळ प्रणालीतील जागा शाबूत राहिली, पण तिकडे विचारपूस करणारेच कमी झाले. बैठक आहे, कातिब आहे, पण मजकूर दुसऱ्याच दाराने छापखान्यात जातो, असा हा प्रकार.

याची खरी किंमत दिसली ती २०१९ मध्ये. मे महिन्यात अमेरिकी शासनाने हुआवेई या चिनी कंपनीला निर्बंधांच्या यादीत टाकले. खुला कोड वापरण्यास तिला कोणीही अडवू शकत नव्हते, आणि सप्टेंबरमध्ये आलेला तिचा मेट ३० हा फोन अँड्रॉइडच्या कोडवरच चालत होता. त्यावर गूगलच्या सेवा तेवढ्या नव्हत्या. चीनमध्ये, जेथे गूगलच्या सेवा आधीपासून नाहीत, त्याने फारसे अडले नाही. युरोपात मात्र तो फोन ग्राहकाला अपुरा वाटला, कारण असंख्य ॲप प्ले सर्व्हिसेस गृहीत धरून लिहिलेली होती. खुल्या कोडवर उभा असलेला फोन सेवांवाचून लुळा पडतो, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच सिद्ध झाले.

या घटकाला पर्याय करण्याचे प्रयत्न झाले आहेत. मायक्रोजी हा स्वयंसेवकांचा प्रकल्प प्ले सर्व्हिसेसच्या जागी उभा राहून ॲपला तीच उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यात स्थान-सेवा पुरवणारा तिऱ्हाईत बदलता येईल अशी व्यवस्था केली गेली. त्यासाठी अनेकजण मोझिलाची सार्वजनिक नोंदवही वापरीत. मोझिलाने २०१३ मध्ये सुरू केलेली ती सेवा २०२४ मध्ये बंद केली. बैठक मांडली तरी तिच्यावर बसणाऱ्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो.

जागेच्या परवानगीवाचून उभी राहिलेली एक सेवा भारतात आहे, ती म्हणजे यूपीआय. दुकानातील यंत्राला फोन टेकवून पैसे देण्यासाठी जी चिप लागते ती आयफोनवर बाहेरच्या पेमेंट सेवांना वर्षानुवर्षे बंद होती. युरोपात ॲपलने ती खुली करण्याची लेखी हमी दिली ती जुलै २०२४ मध्ये. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने त्या चिपची वाटच पाहिली नाही. कॅमेऱ्याने चौकोनी संकेतचित्र वाचावयाचे आणि बाकी व्यवहार बँकांच्या यंत्रणेत. कॅमेरा सर्वांना खुला होता. फोनपे, गूगल पे यांसारख्यांना या व्यवस्थेच्या नियमांत नावच ‘थर्ड पार्टी ॲप’ पुरवठादार असे आहे. गूगल येथे तिऱ्हाईत आहे, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

सुरक्षिततेचा युक्तिवाद

बाहेरच्याला आत घेतले की धोका वाढतो, असे दोन्ही कंपन्या सांगतात. हे म्हणणे पोकळ नाही. बनावट कर्ज-ॲपनी आणि बँकेच्या नावाने आलेल्या फसव्या फाइलींनी किती कुटुंबांना गंडा घातला हे सांगावयास नको. परंतु कीबोर्डाचेच उदाहरण पुन्हा पाहावे. फोनमधील सर्वांत नाजूक जागा कोणती असेल तर ती हीच; कारण खासगी पत्रापासून पासवर्डापर्यंत सारे कीबोर्डाच्या हातून जाते. तरीही ती खुली आहे. अँड्रॉइड नवा कीबोर्ड बसवताना हा लिहिलेले सर्व टिपू शकतो अशी सूचना देते. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डाला पूर्ण प्रवेश द्यावयाचा की नाही हे वेगळे विचारले जाते, आणि पासवर्डाच्या चौकटीत तर प्रणाली स्वतःचाच कीबोर्ड पुढे करते. म्हणजे जागा खुली ठेवून पहारा बसवता येतो, हे या कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलेले आहे. मग स्थान-सेवेसारख्या त्यामानाने कमी नाजूक जागेबाबत जेव्हा सुरक्षिततेचे कारण पुढे येते, तेव्हा पहारेकरी स्वतःच त्या जागेचा दुसरा उमेदवार आहे हे विसरून चालणार नाही.

कायदा कोठवर पोचला

युरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अँड्रॉइडसंबंधी गूगलला ४३४ कोटी युरोचा दंड केला. तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये तो थोडा कमी करून ४१२.५ कोटी केला, निष्कर्ष मात्र बहुतांशी कायम ठेवले. भारतात तीन तरुण अभ्यासकांच्या तक्रारीवरून चौकशी होऊन भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व अनेक निर्देश दिले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले : उत्पादकांना गूगलची ॲप सुटी घेता येतील, आणि फोन वापरणाऱ्याला शोधयंत्र निवडता येईल.

मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. वृत्तपत्रांतून दंडाच्या आकड्याची चर्चा झाली. या चार निर्देशांकडे फारसे लक्ष गेले नाही. त्यांपैकी एक निर्देश असा होता की प्ले सर्व्हिसेसपर्यंतचा प्रवेश उत्पादकांना, ॲपकर्त्यांना व स्पर्धकांना नुकसान होईल अशा रीतीने नाकारला जाऊ नये. म्हणजे सर्व प्रकरणाचे मर्म ज्या घटकात होते तोच निर्देश गळाला. पुढील अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली.

युरोपचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट दुसऱ्या वाटेने गेला. त्यात दंड नंतर, आधी कर्तव्ये. मार्च २०२४ पासून ॲपलला युरोपीय संघात इतरांची ॲप-दुकाने आयफोनवर येऊ द्यावी लागली. मार्च २०२५ मध्ये तर आयोगाने आयफोनमधील कोणत्या सुविधा बाहेरच्या कंपन्यांच्या घड्याळांना व हेडफोनांना मिळाल्या पाहिजेत, हे सुविधांची नावे घेऊन ठरवून दिले. ‘खुले करा’ असा मोघम आदेश न देता एकेका जागेचे नाव घेण्याची ही रीत अधिक उपयोगी दिसते. तिचा लाभ युरोपापुरताच मर्यादित आहे, हे खरे.

दरम्यान खुल्या बाजूला उलटा प्रवासही चालू आहे. अँड्रॉइडचा विकास यापुढे कंपनीच्या अंतर्गत शाखेत होईल व तयार कोड नंतर प्रसिद्ध केला जाईल, असे गूगलने मार्च २०२५ मध्ये सांगितले. ऑगस्टमध्ये आणखी एक घोषणा झाली : प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या प्रत्येक ॲपच्या कर्त्याला, मग ते ॲप प्ले स्टोअरबाहेरून आलेले का असेना, गूगलकडे आपली ओळख पटवावी लागेल. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे सप्टेंबर २०२६ पासून आणि नंतर जगभर, असा तिचा क्रम ठेवला गेला. खुल्या सोर्सची ॲप वाटणाऱ्या एफ-ड्रॉइड या भांडाराने हा नियम लागू झाला तर आपले काम संपेल असे जाहीरपणे म्हटले. फावल्या वेळात कीबोर्ड लिहून तो फुकट वाटणारे लोक या नियमाच्या कक्षेत येतात. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने, धोका पत्करण्यास तयार असलेल्या जाणकार वापरकर्त्यांना ओळख न पटवलेली ॲपही बसवता येतील असा वेगळा मार्ग ठेवू, असे सांगितले. विद्यार्थी व हौशी मंडळींसाठी मर्यादित वितरणाचे निराळे खातेही असेल, असे कंपनीचे म्हणणे आहे.